मंडईतला हिरवा शर्ट

"एक ते दहामधला कोणताही आकडा धरा मनात. कोणताही बरं का. माझा काही आग्रह नाही."

त्या शाळेत माझ्याशी कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी नगर जिल्ह्यातून नवी नेमणूक घेऊन आमगावला उतरलो होतो. प्रवासानं अंग आंबलेलं, नेमणुकीचा कागद अजून हातातच, आणि शिक्षकांच्या खोलीत समोर एक उंच, किडकिडीत गृहस्थ डोळे बारीक करून माझ्याकडे टक लावून बसलेले. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र, मिशी मात्र काळीकुळकुळीत.

"धरला?"

"धरला."

"सात."

"चार," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. "सात म्हणायला पाहिजे होतं ना बापा तुम्ही! जगातले बहुतेक लोक सात म्हणतात." मग मान तिरकी करून त्यांनी माझ्या हातातला कागद वाचला. "नगरचे का? मग असेल." त्या 'मग असेल'मध्ये त्यांनी माझ्या अख्ख्या जिल्ह्याचा निकाल लावून टाकला, आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्यासाठी चहा मागवला. असा माणूस मला पहिल्या दिवशी भेटला, हे माझं नशीब. आता मी दुसऱ्या शाळेत आहे. इथे कुणी मला आकडा धरायला सांगत नाही, आणि ते मला चुकल्यासारखं वाटतं.

त्या शाळेत मास्तरांना विषयावरून हाक मारायची पद्धत होती. मी मराठीवाले, पलीकडचे भूगोलवाले. हे गणितवाले, पण त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात मेंटॅलिझमचं खूळ शिरलं होतं. मेंटॅलिझम म्हणजे समोरच्याचं मन वाचतोय असं दाखवायचा खेळ. फोनवर व्हिडिओ पाहून आणि कुठून तरी मागवलेलं एक जाडजूड पुस्तक वाचून त्यांचं शिक्षण चालू होतं, आणि त्यात ते पहिल्याच धड्यावर होते. त्या धड्याचं नाव फोर्स. आपल्याला हवी ती वस्तू, हवा तो आकडा समोरच्यानं आपणहून निवडायचा, आणि निवड माझीच होती असं त्याला वाटलं पाहिजे. मी तिथं असेपर्यंत दुसरा धडा काही सुरू झाला नाही.

"फोर्स म्हणजे जबरदस्ती नाही, मराठीवाले," ते मला समजावत. "आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे. आग्रह. लग्नाच्या पंगतीत वाढणारा पुऱ्या घेऊन येतो. तो 'वाढू का' असं विचारते का कधी? नाही विचारत. तो विचारते, 'अर्धी वाढू का पूर्ण?' तुम्ही म्हणता, अर्धी. तुम्हाला वाटते, आपण जिंकलो. पण पानात पुरी पडली ना? 'नको' हा शब्द त्यानं तुमच्यापर्यंत येऊच दिला नाही. झाला फोर्स!"

हे ऐकल्यावर मी पुढच्या लग्नात वाढप्याला 'नको' म्हणून पाहिलं. त्यानं ऐकलंच नाही. सरांचं शास्त्र खरं होतं याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून शंका नाही. ते फक्त सरांच्या हातून लागू पडत नव्हतं.

त्याचं एक कारण ते पुस्तक होतं. पुस्तक परदेशातलं. त्यात लिहिलं होतं, की एकदम भाजीचं नाव विचारलं की माणूस गाजर म्हणतो. सरांनी एका चिठ्ठीवर 'गाजर' लिहून ती खिशात ठेवली आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना एकेक करून गाठलं. भूगोलवाले म्हणाले, वांगं. चपराशी म्हणाला, भेदरं. म्हणजे टमाटं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, कोचई, म्हणजे आमच्याकडचा अळूचा कांदा. मुख्याध्यापक म्हणाले, "काऊन? भाज्या वाटप आहे का?" दिवसभरात एकही गाजर निघालं नाही. संध्याकाळी सरांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर फाडली आणि म्हणाले, "आपल्या लोकांच्या मनात काय असते, ते या पुस्तकवाल्याला माहीतच नाही. सगळं नव्यानं बसवावं लागेल."

आणि त्यांनी खरोखर नव्यानं बसवायला घेतलं. पक्ष्यांच्या बाबतीत तर त्यांना यश आलं. पुस्तकातला पक्षी काय होता कोण जाणे. पण गोंदिया जिल्ह्यात पक्षी म्हटलं की सारस. भाताच्या बांधीत, म्हणजे खाचरात, तो जोडीनं उतरला की लोक गाडी थांबवून बघतात, आणि सरकारी भिंतींवर तर तोच रंगवलेला असतो. सर एकेका वर्गात जायचे, फळ्यामागं आधीच सारसाचं चित्र लावून ठेवायचे, पोरांना पक्षी धरायला सांगायचे आणि फळा फिरवायचे. पोरं ओरडायची. तो आठवडाभर सर दोन इंच उंच चालत होते. मग तपासणीला आलेल्या एका बाईंवर त्यांनी तोच प्रयोग केला. बाई म्हणाल्या, "कावळा." फळा फिरवून झालेला होता. सर क्षणभर चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "लांबून पाहिला तर तसाच दिसते, मॅडम."

दुसरं कारण म्हणजे त्यांची नजर. पुस्तकात म्हणे लिहिलं होतं, की नजर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध स्थिर ठेवावी. सर ती इतकी स्थिर ठेवत, की पोरांना वाटे आपलं काही चुकलं आणि ती न विचारता अंगठे धरत. चपराश्यानं एकदा त्यांना गुलाबपाण्याची बाटली आणून दिली. म्हणाला, "आमच्या बुड्याचे डोळे असेच झाले होते, सर. थंड पडतात."

स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर तर त्यांची फजिती ठरलेली. टपरीवाला गोंदियाचा, त्याची बोली हिंदी. सर त्याला म्हणत, "भैया, मन में एक चीज सोचो." तो स्टोव्हवरून मान न उचलता म्हणे, "सोच ली सर. कट दूँ कि फुल?" सर म्हणत, "कट." मग ग्लास हातात आल्यावर त्यांच्या लक्षात येई, की आज चहा प्यायचा नाही असं ठरवून ते घरून निघाले होते. ते माझ्याकडे पाहून हळूच म्हणत, "याच्याकडे क्लास लावायला पाहिजे."

एकदा एका प्रशिक्षणाहून परतताना आम्ही कोहमाऱ्याला धाब्यावर जेवायला थांबलो. सरांनी वेटरला जवळ बोलावलं, भुवयांच्या मधोमध पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, की मी काही मागवणार नाही, मला काय पाहिजे ते तुझ्या मनात आपोआप येईल. वेटर बराच वेळ प्रामाणिकपणे उभा राहिला. मग म्हणाला, "मन में तो आ रहा है साहब, लेकिन किचन में खाली अंडाकरी है." सर शाकाहारी. मी अंडाकरी खाल्ली आणि त्यांनी तीन पोळ्या लोणच्याशी खाल्ल्या.

मी त्यांना पुष्कळ चिडवायचो. ते चिडायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता, तो मात्र ते फार गंभीरपणे सांगत. "समोरच्याला शेवटी बरं वाटलं पाहिजे, मराठीवाले. खेळ फसला तर फसू द्या, आपण हसं करून घेऊ. पण चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला, तर तो मेंटॅलिझम नाही. ती दादागिरी आहे."

हे खूळ कुठून आलं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मी खोली घेऊन एकटाच राहत होतो, म्हणून रविवारी सर मला जेवायला त्यांच्या गावी नेत. गाव आमगावपासून जवळच. घरात सर, वहिनी आणि सरांची आई. तिला सगळं गाव माय म्हणे, मीही म्हणू लागलो. माय ठेंगणी, ताठ, आणि 'नाही' म्हणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तुम्ही काही विचारायच्या आधीच तिचं नाही तयार असे.

त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला उजेडानं गांगरून जायला झालं. भर दुपारी ओसरीत दोन बल्ब, स्वयंपाकघरात ट्यूबलाइट, देवघरात शाळेच्या मैदानाला शोभेल असा दिवा. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मायले कमी दिसते." आतून माय म्हणाली, "मले कायले कमी दिसन? तुमच्या घरात लाइटच कमी हाये." त्यावर सर निमूटपणे उठले आणि आणखी एक दिवा लावला.

मला वाटलं, म्हातारपणी होतं तेवढंच असेल. माय मला ओसरीवरूनच ओळखायची, "या मास्तर" म्हणायची, निवडायला घेतलेल्या तांदळातला खडा अचूक काढायची. मग एका रविवारी मी नवे बूट घालून गेलो. मी तिच्यासमोर उभा, आणि ती म्हणाली, "कोन?" मी बोललो तशी लगेच सावरली, "मास्तर होय, मी सहज इचारलं." पण तिचा चेहरा मी पाहिला. ती घाबरली होती. ती मला इतके दिवस माझ्या फाटक्या चपलांच्या आवाजावरून ओळखत होती.

जेवण झाल्यावर सर मला बांधापर्यंत घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी भुवयांच्या मधोमध वगैरे पाहिलं नाही.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, पिकत चालला. जास्त पिकला तर ऑपरेशन अवघड होईल, आणि मग गेली ती नजर गेलीच. मी पाया पडलो, रागावलो, जेवणसुद्धा सोडून पाहिलं. ती म्हणते, मला दिसते. परवा वासराच्या दोरीत पाय अडकून पडली. उठून वासरालाच रागावली. मग एक दिवस फोनवर एक कोटवाला माणूस पाहिला. अनोळखी लोकांना हवं ते निवडायला लावत होता, आणि लोक खुशीत. मी म्हटलं, हे मायवर चाललं तर?"

वर्षभर मी या माणसाच्या गाजरावर हसत होतो.

मायवरचे त्यांचे प्रयोग मी पुढं डोळ्यांनी पाहिले. पंगतीचं तत्त्व त्यांनी नीट वापरलं होतं. 'नको'ला जागाच ठेवायची नाही. ते अगदी सहज, ताटावर बसता बसता विचारत, "माय, डोळे दाखवाले गोंदियाले जायचं का नागपूरले?"

"कोनाचे डोळे?"

"तुजे."

"माजे डोळे माज्याजवळ हायेत. तुले जायाचं असन त जाय. तुज्याच डोळ्यात काई तरी झालं, सारखा टकमक पाहून राहतेस."

पुढच्या रविवारी त्यांनी रस्ता बदलला. "माय, आधी डावा डोळा करायचा का उजवा?"

"आधी जेव."

एकदा ते म्हणाले, "थंडीत करायचं का उन्हाळ्यात?" माय म्हणाली, "लोनचं उन्हाळ्यात." वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. सर माझ्याकडे वळून, तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "उत्तर तर दिलं ना? विषय तेवढा चुकला." मी हसलो, तेही हसले. पण घास तसाच ताटात ठेवून त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि माझं हसू आपोआप थांबलं.

दिवाळी झाली की तिकडे गावोगावी मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस ठरलेला. लेकीबाळी, पाहुणे येतात, शिंगाड्यांचे ढीग, जिलेबी, बांगड्यांची दुकानं लागतात, आणि भर दिवसा दंडार होते. दंडार म्हणजे नाचगाण्याचं तिकडचं लोकनाट्य. त्या वर्षी सरांनी गावच्या मंडळींकडून दंडारीच्या आधी आपल्या खेळासाठी वेळ मागून घेतला. मला वाटलं, हौस. तर त्यांनी मला शाळेच्या मागं नेऊन सगळा बेत सांगितला.

"तीन दुपट्टे," ते म्हणाले. दुपट्टा म्हणजे तिकडे पुरुष खांद्यावर टाकतात तो. "लाल, हिरवा, पिवळा. लाल तिच्या उजव्या हाताजवळ, बाकीचे जरा लांब. माणूस जवळचाच उचलते, विचार करत नाही. तिनं लाल उचलला, की मी कोट काढणार. आत लाल शर्ट. लोक टाळ्या वाजवतील, माय खूश होईल. आणि त्या खुशीतच मी माइकवर विचारणार, आता शेवटचा प्रश्न. गोंदियाले का नागपूरले? घरी नाही म्हणते, पण सगळ्या गावासमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर ती नाही म्हणू शकते का?"

"आणि रंग? तिला रंग दिसतील का?"

"रंग दिसतात तिला. परवाच तुमच्या वहिनीची साडी ओळखली, म्हणाली ही निळी." त्यांना तेवढी खात्री होती.

मंडईच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. सर लग्नातला बंद गळ्याचा काळा कोट घालून आले. डांबरगोळ्यांचा वास पहिल्या तीन रांगांपर्यंत येत होता. सुरुवातीला त्यांनी दोघातिघांना आकडे धरायला सांगितले. कुणी सात म्हणालं नाही. एकानं 'साडेचार' सांगितलं आणि लोक लोटपोट झाले. दंडारीतला बाईचं सोंग घेतलेला नट बाजूला बिडी ओढत उभा होता, तो ओरडला, "सर, माझ्या मनातलं वळखा!" सर म्हणाले, "मी उतरावं आणि तू चढावं." हे बरोबर आलं, त्यावर टाळ्या मिळाल्या. सर रंगात आले आणि त्यांनी मायला वर बोलावलं.

वहिनी हात धरून तिला घेऊन आल्या. माय नवं लुगडं नेसली होती. माइकसमोर ती ताठ उभी राहिली. एवढ्या लोकांत तिला मान मिळाला होता आणि तो तिला आवडलेला दिसत होता. सरांनी टेबल तिच्यापुढं सरकवलं. तीन दुपट्टे, लाल जवळ.

"माय, यातला कोनताबी एक उचल. तुज्या मर्जीचा."

मायनं हात पुढं केला आणि लाल उचलला. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. सरांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी विसरणार नाही. इतकी गाजरं, इतके सात वाया गेल्यावर त्यांचा फोर्स लागला होता, आणि तोही मायवर. त्यांचा हात कोटाच्या गुंडीकडे गेला.

"आता सगळ्यांले मोठ्यानं सांग, कोनता रंग उचलला."

मायनं दुपट्ट्यावरून बोटं फिरवली. एकदा, परत एकदा. काठ चाचपला. तिन्ही एकाच दुकानातले, एकाच पोताचे. तेव्हा मला समजलं, की वहिनींची निळी साडी तिनं काठावरून ओळखली होती. माइक चालू होता, दुपट्ट्यावरच्या बोटांचा आवाज त्यातून येत होता.

"हिरवा," माय म्हणाली. ठाम आवाजात, हनुवटी वर करून.

समोरची माणसं हलली. एक पाहुणा काही तरी बोलायला उठतच होता. सर कोटाच्या गुंडीवर हात ठेवून तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीचं चीज व्हायला त्यांनी फक्त 'लाल' म्हणायचं होतं. आणि मायला दिसत नाही, हे सगळ्या गावासमोर सिद्ध झालंच होतं. आता तो शेवटचा प्रश्न विचारला असता, तर तिला कुठं पळायला जागा नव्हती.

सरांनी एकदम कोट उघडला. आत लालभडक शर्ट. दोन्ही हात पसरून ते माइकवर ओरडले, "हिरवा! बरोबर! मायनं हिरवा उचलला, आणि हा पाहा माझा हिरवा शर्ट!"

उठू पाहणाऱ्या त्या पाहुण्याला त्याच्या बायकोनं दंडाला धरून खाली बसवलं. सर हात पसरून तसेच उभे होते आणि एकेकाच्या डोळ्यांत पाहत होते. त्यांची ती नजर, जिला आम्ही सगळे हसायचो, त्या दिवशी अख्ख्या गावाला कळली. पहिली टाळी वहिनींनी वाजवली. मग मी, मग तो दंडारीतला नट, आणि मग सगळं मैदान. शेवटचा प्रश्न सरांनी विचारला नाही. त्यांनी मायचा हात धरला आणि तिला खाली उतरवलं.

दुपारी त्यांच्या घरी पाहुण्यांची पंगत होती. सर तोच लाल शर्ट घालून वाढत होते. माय माझ्याजवळ येऊन बसली.

"मास्तर, खेळ चांगला झाला?"

"फार चांगला झाला, माय."

"टाळ्या मंग उशिरा काऊन वाजल्या?"

मला उत्तर सुचायला वेळ लागला, आणि तोही तिनं मोजलाच असणार. मी म्हणालो, "लोक चकित झाले होते."

"अस्सं," माय म्हणाली, आणि मला वाढायला जिलेबी मागवली. अर्धी का पूर्ण, तेही विचारलं नाही.

सोमवारी सर शाळेत आले ते थेट माझ्या वर्गात. पोरांसमोरच त्यांनी मला बाहेर बोलावलं. सकाळी माय अंगणात दात घासत होती म्हणे, आणि तिनं पाठ न वळवता विचारलं होतं, "काय म्हनत होतास तू? गोंदियाले का नागपूरले?" आणि सर ओसरीतून खाली उतरेपर्यंत माय म्हणाली, "गोंदियाले. नागपूर लय दूर होते."

"मी गोंदियाचाच नंबर लावून ठेवला होता, मराठीवाले!" सर म्हणाले. "आधीपासून! बरोबर तेच निवडलं तिनं. लागला ना शेवटी फोर्स?"

"लागला, सर," मी म्हणालो. मग मी लगेच वर्गात गेलो आणि पोरांना उगाचच शुद्धलेखन घातलं.

ऑपरेशन नीट झालं. आधी एक डोळा, काही दिवसांनी दुसरा. पहिल्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा मी दवाखान्यात होतो. सर तिच्यासमोर वाकून उभे, ती काही तरी मोठं बोलेल म्हणून वाट पाहत असलेले. मायनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "हे मिशीले काय लावलंस रे? डोक्याचे एक रंगाचे, मिशी एक रंगाची. वर्गातले पोट्टे हासत नाईत काय?"

दुसऱ्या दिवशी मिशी पांढरी होती.

नंतर एका रविवारी मी नेहमीसारखा जेवायला गेलो. ओसरीतले बल्ब विझलेले होते. माय काळा चष्मा काढून अंगणात उभी, आणि एकेक वस्तू पाहत होती. वासरू, तुळस, माझे बूट. दोरीवर कपडे वाळत होते, त्यात तो मंडईतला शर्ट होता, उन्हात नुसता पेटलेला. सर बाजेवर बसून त्यांचं जाडजूड पुस्तक वाचत होते. माय त्या शर्टासमोर थांबली. तिनं त्याची बाही हातात धरली, नीट पाहिली, सोडली.

"मास्तर," तिनं मला बोलावलं. "हाच ना तो मंडईतला शर्ट?"

"हो, माय."

"रंग कोनता याचा?"

मी सरांकडे पाहिलं. पुस्तक त्यांच्या हातातून खाली आलं होतं, आणि ते माझ्याकडे अशा काही चेहऱ्यानं पाहत होते, की मनात कोणताही आकडा धरला असता तरी तो मी विसरलो असतो.

"हिरवा," मी म्हणालो.

"आन् तू रे?" ती सरांना म्हणाली.

"हिरवाच आहे, माय."

मायनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिचे ओठ थरथरले, पण ती हसली नाही. तिनं तो शर्ट दोरीवरून काढला, घडी घातली आणि तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"तुमच्या दोघांचे डोळे दाखवा लागतात," ती म्हणाली. "सांगा, गोंदियाले जाता का नागपूरले?"